वजाबाकीची बुलेट

आमच्याकडे शोरूममधून आलेली मोटारसायकल अपुरी समजली जाते. नारळ फुटला, पेढे वाटले, की ती गळ्यातल्या हारासकट ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर जाऊन उभी राहते आणि मग तिच्या घडणीला खरी सुरुवात होते. पुढे लेगगार्ड, मागे कॅरिअर, बाजूला साडीगार्ड. सीटला कव्हर, त्या कव्हरला जपायला दुसरं कव्हर. टाकीला रेक्झिनचं जाकीट. आरशाला काळा गोंडा, हँडलला लिंबू-मिरची, मागच्या मडगार्डवर 'आईचा आशीर्वाद', आणि मागच्या गाडीवाल्यावर आशीर्वादासोबत चिखलही उडू नये म्हणून त्याखाली रबराची झालर. मालक शेतकरी असला तर दुधाच्या कॅनसाठी दोन्ही अंगांना आकडे. वरणगावापासून तापी ओलांडून सावदा-रावेरपर्यंतच्या केळीच्या पट्ट्यात गाडी किती पळते हे कुणी विचारत नाही, तिच्यावर किती मावतं ते विचारतात. दोन घड, चाऱ्याची पेंढी, युरियाची गोणी, गोणीवर धाकटा मुलगा आणि मुलाच्या पाठीला फवारणीचा पंप, एवढं घेऊन निघालेल्या गाडीकडे इथं कुणी मान वळवून बघत नाही. रिकामी गाडी दिसली तर मात्र विचारतात, काय रे भो, सगळं बरं आहे ना घरी?

अशा गावात माझ्या पुतण्यानं चॉपर बांधायला घेतली.

चॉपर तुम्ही सिनेमात पाहिली असेल. पुढचं चाक गाडीच्या आधी मुक्कामाला पोचलेलं असतं, हँडल इतकं उंच असतं की चालवणारा पोलिसांना शरण आल्यासारखा दिसतो, मागे शॉकअप नसतात, पुढे मडगार्ड नसतं आणि दुसऱ्या माणसाला बसायला जागा नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी परतलेल्या जवानांनी जड मोटारसायकलींवरचं एकेक सामान उतरवायला सुरुवात केली. वजन कमी तर पळ जास्त, असा त्यांचा साधा हिशेब होता. पुढच्या पिढीनं पळण्याचा हिशेब सोडला आणि उतरवणं तेवढं चालू ठेवलं. मग १९६९ साली 'ईझी रायडर' आला आणि चॉपर जगभर माहीत झाली. त्यातल्या गाड्या पोलिसांच्या लिलावात घेतलेल्या जुन्या हार्लेंपासून बनवल्या होत्या. त्या बांधणाऱ्यांत लॉस एंजेलिसचा बेन हार्डी नावाचा कृष्णवर्णीय मिस्तरी होता. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. मिस्तऱ्याचं नाव पत्रिकेवर छापायचं नाही, ही पद्धत तिकडेही दिसते.

पुतण्याला हे वेड लागलं त्याला तो सिनेमा कारण नव्हता, कारण होतं चाकण. तिथल्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामावर होता. लाइनवर गाडी समोर आली की मागचं मडगार्ड बसवायचं, चार बोल्ट आवळायचे, गाडी पुढे ढकलायची. पुन्हा गाडी, पुन्हा मडगार्ड. कंत्राट संपून तो घरी आला तेव्हा कुठल्याही गाडीकडे बघताना त्याची नजर आधी मागच्या मडगार्डवर जायची आणि हात शिवशिवायचे. गोठ्यात भावाची जुनी बुलेट उभीच होती. ३४६ सीसीचं बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. ती चालवून सवय झालेला माणूस दुसरी गाडी चालवायला बसला की ब्रेक म्हणून गिअर दाबतो. या बुलेटचं मडगार्ड पुतण्यानं सर्वांत आधी उतरवलं. ते उतरवताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्याच्या बारावीच्या निकालालाही पाहिलेलं नाही.

मग एके दिवशी मुंबईहून ट्रान्सपोर्टनं गोणपाटात शिवलेली फ्रेम आली. ही फ्रेम कुठल्याच कंपनीच्या गाडीची नव्हती. बुलेटचं इंजिन बसेल अशी कुठल्याशा वर्कशॉपनं खूप वर्षांपूर्वी बांधलेली, मागून ताठ, मान पुढे काढलेली, रंग गेलेली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत माळ्यावर म्हातारी झालेली. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत अशा नुसत्या फ्रेमा विकणारा मोठा धंदाच होता. टपालानं कॅटलॉग मागवायचा, फ्रेम निवडायची आणि घरचं इंजिन तिच्यात बसवायचं. आपल्याकडे हे काम दिल्लीच्या करोल बागेत किंवा मुंबईच्या एखाद्या गल्लीत चालायचं, कॅटलॉगशिवाय. गोणपाट उसवल्यावर वहिनींनी ती वाकडी नळकांडी नीट न्याहाळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आखाजीचा झोका आणला का रे? या वर्षी बहीण येणार म्हणून?"

पुतण्यानं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चांगली होती ती फ्रेम काढून ही भंगारातली बसवणार. आणि पैसे कोण कोणाला देणार?"

वरणगावात चॉपर बांधण्यातली खरी अडचण पैशांची नाही, सुट्या भागांचीही नाही. अडचण आहे ती तपासनिसांची. इथं १९६४ पासून आयुधनिर्माणी आहे, तिथं रायफलीची काडतुसं बनतात. पलीकडे भुसावळला रेल्वे, मधे दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. त्यामुळे आमच्या गल्लीत कुठलंही दार वाजवा, फिटर, टर्नर, वेल्डर नाहीतर तपासणी विभागातून रिटायर झालेला माणूसच दार उघडतो. दुसऱ्या गावात पोरानं अशी गाडी बांधली तर चार लोक तोंडात बोट घालतील. आमच्याकडे ते खिशातून व्हर्नियर काढतात.

सगळ्यात आधी आले नाना. नानांनी आयुष्यभर फॅक्टरीत काडतुसं तपासली. तिथं एक गेज असतं, दोन तोंडांचं. एका तोंडात माल गेला पाहिजे आणि दुसऱ्यात जाता कामा नये. पहिल्याला 'गो' म्हणतात, दुसऱ्याला 'नो-गो'. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी नानांच्या जगात तिसरा प्रकार आलेला नाही. नातवाचं अक्षर नो-गो, समोरच्यांची सून गो, नगरपरिषदेचं पाणी महिन्यातले बरेच दिवस नो-गो. त्यांनी फ्रेमभोवती एक प्रदक्षिणा घातली, खुर्ची मागवली आणि मुक्काम टाकला.

फ्रेमची मान जास्त कललेली असल्यानं पुढचा चिमटा लांब लागणार होता. साध्या गाडीचा चिमटा उभ्या रेषेपासून २५-३० अंश कललेला असतो, चॉपरचा ४०-४५ पर्यंत जातो. गाडी बांधायला पुतण्यानं बोलावलेल्या मिस्तऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांचं म्हणणं, जुन्याच नळ्यांना वरून आटे पाडून वीतभर जोड देऊ, भुसावळला लेथवर संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. नाना म्हणाले, "नो-गो. जोडावरच मोडेल. अखंड नळी आण." अखंड नळ्या आल्या. त्या सरळ आहेत का, हे बघायला नानांनी वहिनींच्या शोकेसची काच काढायला लावली. ओट्यावर काच पसरली, तिच्यावर नळी ठेवली आणि गुडघ्यावर हात देत स्वतः उकिडवे बसले. पोटऱ्यांच्या शिरा ताणल्या गेल्या. चष्मा कपाळावर, गाल जवळजवळ काचेला टेकलेला. दोन बोटांनी त्यांनी नळी हळूच लोटली. नळी गुर्र करत काचेच्या या टोकापासून त्या टोकाला गेली आणि नाना तिच्याखालून येणारा उजेड बघत राहिले. एका जागी, नळीच्या एका फेऱ्यात एकदाच, काच आणि लोखंडाच्या मधे केसाएवढी पांढरी रेघ चमकून जात होती. आम्हा कुणालाच ती दिसेना. नानांनी पुतण्याचं डोकं धरून खाली दाबलं तेव्हा त्याला दिसली. नळी परत गेली. बदलून आलेल्या नळीखालून उजेड आला नाही. तेव्हा नानांनी मान हलवली आणि चहा घेतला. काच मात्र शोकेसमध्ये परत बसवताना कोपऱ्यात टवका उडाला. वहिनींनी तो चॉपरच्या खर्चात धरला आहे.

दुसरे तपासनीस दीपनगरचे. बॉयलरच्या नळ्या जोडण्यात त्यांची हयात गेलेली. फ्रेमच्या मानेखाली आधाराची पट्टी वेल्ड झाल्यावर त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "एक्स-रे काढला का?" बॉयलरच्या जोडाचा एक्स-रे काढल्याशिवाय तो पास होत नाही, हे खरं आहे. पण भुसावळच्या कुठल्या दवाखान्यात मोटारसायकल झोपवून घेतील, हा प्रश्न पुतण्याला सुटला नाही. तिसरे रेल्वेच्या लोको शेडमधले. ते रोज सकाळी यायचे, सगळं बघायचे आणि काहीही न बोलता जायचे. एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "खेळण्याला काय बोलायचं?" शंभर टनांच्या आतल्या कुठल्याही वाहनाबद्दल त्यांचं मत असंच आहे.

या मंडळींवर तोडगा म्हणून पुतण्यानं वहिनींना अक्षय वर्दे यांचं उदाहरण दिलं. विमानातली नोकरी सोडून त्यांनी मुंबईत बुलेटपासून चॉपर बांधायला सुरुवात केली, आज त्यांच्या 'वर्देंची' गाड्यांचं देशभर नाव आहे, आणि २०१४ साली त्यांचं लग्न अभिनेत्री समीरा रेड्डीशी झालं. वहिनींनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. तेव्हापासून गोठ्यातल्या दिव्याच्या बिलाबद्दल घरात बोलणं बंद झालं आणि मिस्तऱ्यांच्या चहात साखर वाढली.

मग आला कायदा. अमेरिकेत हे वेड इतकं फोफावलं त्याला तिथला एक कागद कारणीभूत आहे. १९६९ पर्यंत हार्ले मोटारसायकलची ओळख तिच्या इंजिनावरच्या नंबरात होती. फ्रेमवर तसा नंबरच नसे. त्यामुळे जुनी फ्रेम फेकून नवी घातली तरी कागदावर गाडी तीच राहायची, आत्मा तोच आणि देह नवा. १९७० पासून नंबर फ्रेमवरही आला. आपल्याकडे आरसी बुकावर इंजिन नंबर असतो आणि चासी नंबरही. म्हणजे आत्म्यासोबत देहाचीही नोंद. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पुतण्या एका रात्री पाटी-पेन्सिल घेऊन बदल मोजायला बसला. फ्रेम, चिमटा, हँडल, सायलेन्सर असं करत टाकीपर्यंत आला आणि त्यानं पाटी पुसली. दंडाच्या रकमेत नवी बुलेट कुठवर येते, एवढाच प्रश्न उरला होता.

सल्ले देणारे भेटलेच. जुन्या फ्रेमचा नंबराचा तुकडा कापून नव्या फ्रेमला वेल्ड कर, असंही एकानं कानात सांगितलं. नानांनी ते ऐकलं. सरकारी शिक्क्याशी छेडछाड हा नानांच्या लेखी नो-गोच्याही पलीकडचा प्रकार आहे. ते खुर्चीतून उठले आणि बोलणारा माणूस कुंपणावरून गेला. पुतण्यानं मग मूळ फ्रेम स्वच्छ पुसून, तेलाचा हात देऊन गोठ्याच्या भिंतीवर टांगली. आजची कायदेशीर परिस्थिती अशी आहे की एमएच-१९ ची जी बुलेट सरकारदरबारी नोंदलेली आहे तिचा देह भिंतीवर लटकतो आहे, आणि जी जमिनीवर उभी राहून भक्क भक्क आवाज करते ती गाडी अस्तित्वातच नाही.

अस्तित्वात नसलेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून ती आमच्याच मळ्यातल्या वाटेवर फिरवायचं ठरलं. त्या दिवशी अर्धं गाव बांधावर होतं. उस्तादांनी किल्ली फिरवली, डिकॉम्प्रेशनची दांडी दाबून धरली आणि किक पायानं हळूहळू खाली न्यायला लागले. बुलेट अशी सुरू होत नाही. आधी तिचा पिस्टन नेमका वर आणून ठेवावा लागतो, आणि तो आला की नाही हे ॲमीटरचा काटा सांगतो. डावीकडे झुकलेला काटा मधोमध आला, उस्तादांनी दांडी सोडली, किक वर आणली आणि अंगाचा सगळा भार टाकला. पहिल्याच किकला गाडी बोलली. बांधावर टाळ्या पडल्या. सायलेन्सरमध्ये जाळी घालून ठेवली होती तरी आवाजानं शेजारच्या मळ्यातलं वासरू खुंटा उपटून पळालं.

पुतण्या बसला, दोन्ही हात आभाळाकडे धरून, आणि निघाला. सरळ वाटेवर चॉपर झकास चालते. चिमटा जितका कललेला, तितकं पुढचं चाक सरळ राहायचा हट्ट धरतं, त्यामुळे वेगात ती डगमगत नाही. अडचण वेग कमी झाल्यावर येते. मग तेच चाक एका अंगाला लोळण घेऊ बघतं आणि वळायला जागा मागतं. आमची वाट बैलगाडीच्या मापाची. टोकाला विहीर आली, पुतण्यानं हँडल फिरवलं, चाक फिरलं, पण गाडी काही फिरली नाही. पुढे जावं तर विहीर, आणि मागे न्यायला रिव्हर्स नाही. शेवटी चौघांनी मागचं चाक उचलून तिचं तोंड गावाकडे केलं. बांधावर एक आबा बसले होते. आमच्याकडच्या यात्रांमध्ये बारागाड्या ओढतात, एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या आणि पुढे एकटा भगत. त्या ओढण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवलेली. ते म्हणाले, "बारागाड्या वयवाले यापेक्षा कमी जागा लागते भो."

परत येताना गाडीनं आपले बाकीचे गुण दाखवले. मागे शॉकअप नाहीत म्हणजे काय, तर वाटेतलं प्रत्येक ढेकूळ फ्रेममधून सीटमध्ये आणि सीटमधून मणक्यात. काळ्या मातीची ढेकळं वैशाखात दगडांच्या वर असतात. त्यात गाडीला रंग काळा दिलेला. भुसावळकडच्या उन्हात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा काळ्या टाकीवर मांडी टेकवणं हा धाडसाचा भाग राहत नाही, भाजण्याचा होतो. दीपनगरच्या काकांनी मागितलेला एक्स-रे अखेर त्या आठवड्यात निघाला. फ्रेमचा नाही, पुतण्याच्या कमरेचा. जोड शाबूत होते, दोघांचेही.

पुढे पाऊस पडला आणि मडगार्ड कशासाठी असतं हे आम्ही सगळ्यांनी त्याच्या पाठीवर पाहिलं. ढुंगणापासून मानेपर्यंत काळ्या मातीचा एकच उभा पट्टा. वहिनींनी तो शर्ट दोरीवर तसाच वाळत घातला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

गाव या काळात अगदीच उदासीन नव्हतं. फक्त त्याला या गाडीचं काय करावं ते उमगत नव्हतं. बुलेटमध्ये फेरफार करायला इथल्या शेतकऱ्याची ना नाही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ च्या सुमारास बुलेटचं मागचं चाक काढून तिथं औत जोडलं, 'बुलेट सांती' म्हणून ते गाजलं आणि त्याला अमेरिकेचं पेटंटही मिळालं. हे आमच्याकडे कुणालाही सांगा, डोळे लकाकतात. आपल्याकडेही मोटारसायकलला कोळपं जोडून कपाशीत फिरवणारे आहेत. चाक काढलं तरी चालेल, पण त्या जागी काहीतरी लागलं पाहिजे. नुसतंच काढलं आणि तिथं हवा ठेवली, हे इथं पटत नाही. एक केळीवाले शेतकरी तर रोज गोठ्याशी थांबून गाडीच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत आणि हळहळत.

"सर्व चांगलं आहे भो. पण केयीचा घड कुठी ठेवशीन?"

त्यांनी आपल्या खर्चानं कॅरिअर बसवून द्यायचीही तयारी दाखवली. पुतण्यानं हात जोडले.

पण गोठ्याच्या कोपऱ्यात दुसरा ढीग होता, आणि त्याच्याकडे गावाचं लक्ष जायला फार दिवस लागले नाहीत. त्यात बुलेटवरून उतरवलेलं सगळं होतं. दोन मडगार्डं, जाड पत्र्याची, आजच्या गाड्यांना मिळत नाहीत तशी. मागचे दोन शॉकअप, दोघांची ऐसपैस सीट, कॅरिअर, लेगगार्ड, साडीगार्ड, टूलबॉक्स. पहिल्यांदा दूधवाले आले आणि कॅरिअर घेऊन गेले. सीट ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं नेली. शॉकअप कुणीतरी दवाखान्यात खेपा घालणाऱ्या आजोबांच्या तीनचाकी गाडीला लावले. लेगगार्डसाठी दोघांत बोलाचाली झाली आणि ते नानांनी मोजून, गो ठरवून, जास्त देणाऱ्याला दिलं. चॉपर बघायला दिवसातून चार माणसं येत होती, ढीग बघायला चाळीस. अनोळखी माणसं भुसावळ, बोदवड, मुक्ताईनगराहून फोन करायला लागली. पुतण्याच्या डोळ्यांदेखत चॉपरचा निम्मा खर्च त्या ढिगातून वसूल झाला, आणि वहिनींनी हिशेबाची वही आपल्याकडे घेतली.

परवा मी गोठ्याकडे गेलो तर तो चेन ताणत बसला होता. तेवढ्यात फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. मागे दोन घड, मधे बायको, पुढे टाकीवर पोरगं. माणसानं गाडी बंदसुद्धा केली नाही. चॉपरकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं नाही, ढीग संपलेला आहे हे एका नजरेत हेरलं आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं,

"चेनकव्हर राह्यलं आहे ना भो अजून? ते काढलं की पहिले मले सांगजो!"